चार्जरच्या विजेतली खरखर : ओळखावी कशी, मोजावी कशी?



मोबाईल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. मुलांचा अभ्यास, शिष्यवृत्तीचा फॉर्म, गावाकडच्या आई-वडिलांची खुशाली, कामावरच्या मुकादमाचा निरोप, हे सारे त्याच एका वस्तूवर येते. मोबाईल घेताना आपण चार दुकाने फिरतो, घासाघीस करतो, शेजारच्या जाणत्या मुलाला सोबत नेतो. परंतु त्याचा चार्जर खराब झाला की रस्त्यावरच्या हातगाडीवरून हाताला लागेल तो उचलतो. "चार्जरच तो, त्यात काय बघायचे?" असे आपले मत असते.

पुष्कळ घरांतून तीन तक्रारी नेहमी ऐकू येतात. पहिली : मोबाईल चार्जिंगला लावला की पडदा वेड्यासारखा वागतो. एक अक्षर दाबावे तर दुसरेच उमटते, फॉर्म भरता भरता पान आपोआप पुढे सरकते. दुसरी : चार्जिंगला लावलेल्या मोबाईलच्या धातूच्या कडेला हात लागला की मुंग्या आल्यासारखे होते. तिसरी : गाणे लावण्यासाठी मोबाईल वायरने स्पीकरला जोडला आणि चार्जरही लावला, की स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येतो.

वरवर पाहता ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत. परंतु पुष्कळदा तिन्हींचे मूळ एकाच जागी असते, आणि ते म्हणजे चार्जर. हे ठाऊक नसल्यामुळे लोक पडदा बदलण्यासाठी पैसे मोजतात, नवा स्पीकर आणतात, आणि खरा दोषी प्लग पॉईंटमध्ये तसाच बसून राहतो. म्हणून आज चार्जरच्या आत काय चालते, त्यातून खरखर का येते आणि ती मोजायची कशी, हे पाहू. ज्यांची मुले-मुली आय.टी.आय. किंवा पॉलिटेक्निकला शिकत आहेत, त्यांनी हा लेख त्यांच्या हाती जरूर द्यावा.

चार्जरच्या आत काय चालते?

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची असते आणि सेकंदाला ५० वेळा आपली दिशा उलटसुलट करते. मोबाईलला हवी असते ५ व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी वीज. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओच्या ॲडॉप्टरमध्ये यासाठी लोखंडी पत्र्यांचा जड ट्रान्सफॉर्मर असे. आजच्या चार्जरची रीत वेगळी आहे.

आजचा चार्जर आधी घरातली वीज सरळ करतो. त्यातून सुमारे ३२५ व्होल्टचा एकदिश दाब तयार होतो. मग एक इलेक्ट्रॉनिक स्विच हा दाब सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. कित्येक चार्जरमध्ये हा वेग सेकंदाला ६५ हजारांच्या आसपास असतो. इतक्या वेगाने चालू-बंद होणाऱ्या विजेला बोराएवढा ट्रान्सफॉर्मरही पुरतो. त्याच्या दुसऱ्या वेटोळ्यातून कमी दाबाची वीज निघते. ती पुन्हा सरळ करून, कंडेन्सरने शांत करून मोबाईलकडे पाठवली जाते.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की, ट्रान्सफॉर्मरच्या दोन वेटोळ्यांची तार एकमेकींना कोठेही चिकटलेली नसते. शक्ती पलीकडे जाते ती चुंबकत्वाच्या रूपाने. घरातली २३० व्होल्टची वीज आणि मुलाच्या हातातला मोबाईल यांच्यामध्ये ही भिंत उभी असते. तिला विलगीकरण म्हणतात. ही भिंत पक्की असेल तर चार्जर आपल्याला वाचवतो. ती कच्ची असेल तर मोबाईलचा पडदा आणि विजेची तार यांत फारसा फरक उरत नाही.

भिंत आहे, तरी आवाज येतो

चाळीतल्या दोन खोल्यांमध्ये भिंत असते. तिला भोक नसते, शेजारचा माणूस तिच्यातून येऊ शकत नाही. परंतु त्याने खलबत्त्यात मसाला कुटायला घेतला की त्याचे ठोके आपल्याला ऐकू येतातच. चार्जरमध्येही तसेच होते. दोन वेटोळी एकमेकींना चिकटलेली नसली, तरी अगदी जवळजवळ गुंडाळलेली असतात. एका बाजूला शेकडो व्होल्टचे ठोके सेकंदाला हजारो वेळा पडत असले, की त्यांचा थोडा हादरा पलीकडे पोहोचतोच.

हा हादरा परत आपल्या जागी वळवण्यासाठी चांगला कारखानदार भिंतीच्या दोन्ही बाजूंना जोडणारा एक खास कंडेन्सर बसवतो. त्याला वाय कंडेन्सर म्हणतात. तो निळ्या किंवा पिवळसर बटणासारखा दिसतो. मोबाईलपर्यंत जाणारी खरखर तो बरीच कमी करतो. परंतु त्यालाही किंमत मोजावी लागते. घरातल्या विजेचा अगदी बारीक अंश त्याच्यातून पलीकडे झिरपतो. १ नॅनोफॅरडचा कंडेन्सर २३० व्होल्टला लावला तर सुमारे ७२ मायक्रोअँपिअर, म्हणजे एका अँपिअरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी वीज झिरपते. धातूच्या कडेला बोट हलके फिरवले असता ज्या मुंग्या येतात, त्या बहुधा याच्या. दोन पिनांच्या उपकरणांसाठी सुरक्षेच्या मानकांनी पाव मिलिअँपिअरची मर्यादा घालून दिली आहे. त्याच्या आत असेल तर मुंग्या त्रासदायक असल्या तरी जिवावरच्या नसतात.

म्हणजे कारखानदारापुढे पेच असतो. कंडेन्सर मोठा लावावा तर मुंग्या वाढतात, लहान लावावा किंवा वगळावा तर खरखर वाढते. चांगला कारखानदार ट्रान्सफॉर्मर नीट गुंडाळून, मध्ये तांब्याचा पडदा घालून ह्यातून वाट काढतो. नकली माल बनवणारा दोन्ही खर्च वाचवतो. त्याहून वाईट म्हणजे, खास वाय कंडेन्सरच्या जागी साधा स्वस्त कंडेन्सर ठोकून देतो. खरा वाय कंडेन्सर बिघडला तर त्याची जोडणी तुटावी अशा बेताने बनवलेला असतो. साधा कंडेन्सर बिघडून आरपार जोडला जाऊ शकतो. तसे झाले की भिंतच कोसळली म्हणून समजा.

खरखर दोन जातींची

खरखर मोजण्याआधी तिच्या दोन जाती ओळखल्या पाहिजेत.

नदीत एक होडी आहे आणि तिच्या दोन टोकांना दोन माणसे बसली आहेत असे समजा. ती दोघे चार्जरच्या धन आणि ऋण तारा. त्यांच्यातले अंतर म्हणजे आपले ५ व्होल्ट. आता एक माणूस जागच्या जागी चुळबूळ करू लागला तर दोघांतले अंतर कमी-जास्त होईल. ही पहिली जात. हिला इंग्रजी नावाने रिपल म्हणतात. हिच्यात सेकंदाला १०० वेळा येणारी एक संथ लाट असते, आणि तिच्यावर स्विचच्या वेगाची बारीक लाट असते.

दुसऱ्या जातीत माणसे स्वस्थ बसलेली असतात, परंतु अख्खी होडीच लाटांवर वरखाली होत असते. दोघांतले अंतर बदलत नाही, काठावरून पाहिले तर मात्र दोघेही हिंदकळताना दिसतात. हिला कॉमन मोड असे नाव आहे. येथे काठ म्हणजे जमीन, अर्थिंग.

मोबाईलच्या आतली यंत्रणा पहिल्या जातीची खरखर बरीचशी गिळून टाकते. दुसरी मात्र तिला दिसतच नाही, कारण होडीत बसलेल्याला सगळे स्थिर वाटते. आपण पडद्याला बोट लावतो तेव्हा आपले शरीर जमिनीशी नाते सांगत असते, म्हणजे काठावरच्या माणसाने होडीला हात लावल्यासारखे होते. पडदा विजेतला अगदी सूक्ष्म फरक पाहून बोटाची जागा ओळखतो. त्यात चार्जरची खरखर मिसळली की त्याचा गोंधळ उडतो. म्हणूनच हा दोष बोट लावल्यावर दिसतो आणि चार्जर काढला की नाहीसा होतो. स्पीकरची घूंऽऽ सुद्धा पुष्कळदा याच वाटेने येते. ही वीज मोबाईलमधून गाण्याच्या वायरमार्फत ॲम्प्लिफायरकडे जमिनीचा रस्ता शोधत जाते.

घरच्या घरी पारख

यासाठी कोणतेही यंत्र नको.

पडदा उड्या मारत असेल तर चार्जर काढा आणि तोच फॉर्म बॅटरीवर भरून पाहा. दोष गेला तर पडदा शाबूत आहे. मग दुसऱ्या, चांगल्या चार्जरवर पाहा. तेथेही ठीक चालले तर दोषी सापडला. ही परीक्षा केल्याशिवाय पडदा बदलण्यासाठी एक रुपयाही देऊ नका. चार्जर काढूनही पडदा तसाच वागत असेल, तर मात्र तो दुरुस्तीला न्यावा लागेल.

स्पीकर घुमत असेल तर मोबाईलचा चार्जर काढा किंवा पॉवर बँक लावा. आवाज थांबला तर स्पीकरला दोष देण्याचे कारण नाही.

घरात जुना मिडियम वेव्हचा रेडिओ असेल तर तो दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावा आणि चालू चार्जरजवळ न्या. स्विचच्या वेगाच्या पटीतली खरखर रेडिओच्या पट्ट्यात येते, म्हणून रेडिओ करकरू लागेल. कोणताही चार्जर अगदी जवळ नेल्यावर थोडा ऐकू येईलच. दोन चार्जर सारख्याच अंतरावर ठेवून तुलना करा. जो हातभर अंतरावरूनही रेडिओ बुडवून टाकतो, त्याच्याविषयी शंका घ्यावी. ही तुलना झाली, मोजमाप नव्हे, एवढे ध्यानात असावे.

आता खरे मोजमाप

साध्या मल्टिमीटरने ही खरखर मोजता येत नाही. बहुतेक स्वस्त मीटर घरातल्या ५० सायकलच्या विजेसाठी बनवलेले असतात. ६५ हजारांच्या लाटेपुढे ते आंधळे ठरतात आणि सगळे आलबेल असल्याचे दाखवतात. यासाठी ऑसिलोस्कोप हवा. तो आय.टी.आय., पॉलिटेक्निक किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असतो. आपल्या मुलांनी शिक्षकांची परवानगी घेऊन, त्यांच्या देखरेखीखाली हा प्रयोग करावा.

पहिली पायरी सुरक्षेची. चार्जर प्लगमधून काढलेला असताना मल्टिमीटर २०० किलोओमच्या पट्टीवर ठेवा. एक टोक प्लगच्या पिनेला आणि दुसरे यूएसबीच्या तारेला लावा. दोन्ही पिना तपासा. मीटरने जोडणी दाखवली तर तो चार्जर तेथेच बाद करा. मीटरने काहीच जोडणी दाखवली नाही, तर मात्र त्यावरून तो निर्धोक ठरत नाही. मीटरची परीक्षा काही व्होल्टची असते. मानकांनुसार ही भिंत ३००० व्होल्टला तपासतात, आणि ते काम खास प्रयोगशाळेचे आहे.

दुसरी पायरी भाराची. रिकामा चार्जर कधीच खरे रूप दाखवत नाही. ५ ओमचा, १० वॅटचा रेझिस्टर लावला की १ अँपिअर वीज वाहते. त्यात ५ वॅट उष्णता तयार होते, म्हणून हात लावू नये. खाली लाकडाऐवजी फरशीचा तुकडा ठेवावा. चार्जर १ अँपिअरहून कमी ताकदीचा असेल तर १० ओमचा रेझिस्टर घ्यावा.

तिसरी पायरी आधी शून्य मोजण्याची. भाजीवाली वजन करण्याआधी तराजू रिकामा धरून दाखवते, तसे आपणही करावे. प्रोबचे टोक आणि त्याची जमिनीची क्लिप, दोन्ही चार्जरच्या एकाच ऋण तारेला लावा. तेथे खरे तर काहीच दिसायला नको. तरीही पडद्यावर काटे दिसले तर ते तुमच्या मापनातले खोट आहे. प्रोबची क्लिपवाली लांब वायर अँटेनासारखी वागते आणि आजूबाजूची खरखर गोळा करते. ती वायर काढून टोकापाशी छोटी स्प्रिंग किंवा बोटाच्या पेराएवढी तार वापरा. काटे कमी होतील. हे न करता चार्जरला नावे ठेवणे म्हणजे खोट्या तराजूने तोलणे होय.

चौथी पायरी रिपल मोजण्याची. स्कोप ए.सी. जोडणीवर ठेवा, म्हणजे ५ व्होल्ट बाजूला राहून फक्त लाट दिसेल. २० मेगाहर्ट्झची मर्यादा चालू करा. मोजण्याच्या जागी १० मायक्रोफॅरडचा आणि ०.१ मायक्रोफॅरडचा असे दोन कंडेन्सर समांतर जोडण्याची रूढ पद्धत आहे. संथ लाट पाहायला वेळेची पट्टी एका घराला ५ मिलिसेकंद ठेवा, बारीक लाटेसाठी १० मायक्रोसेकंद. लाटेच्या माथ्यापासून तळापर्यंतचे अंतर वहीत लिहा. ५ व्होल्टच्या चांगल्या चार्जरमध्ये ते मिलिव्होल्टच्या दहा-वीसपासून शंभर-दीडशेपर्यंत असते. अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेले तर तो चार्जर कामाचा नाही.

पाचवी पायरी होडीची हालचाल मोजण्याची. येथेच पुष्कळ जण फसतात. स्कोपची क्लिप त्याच्या स्वतःच्या प्लगमधून अर्थिंगला जोडलेली असते. ती चार्जरच्या ऋण तारेला लावली की आपण होडी काठाला घट्ट बांधून टाकतो. मग ती हलणार कशी? म्हणून या मापनात क्लिप चार्जरला लावायचीच नाही. फक्त प्रोबचे टोक, दहापट कमी करणाऱ्या स्थितीत ठेवून, ऋण तारेला लावायचे. ५० सायकलची मोठी लाट दिसेल. ती कित्येकदा शंभर व्होल्टच्याही पुढे जाते, परंतु तिच्यामागची ताकद अगदी थोडी असते. त्या लाटेवर स्वार झालेले बारीक काटे म्हणजे आपली खरखर. दोन-तीन चार्जरचे काटे एकाच भारावर, एकाच जागी मोजून शेजारी शेजारी लिहिले की फरक आपोआप उघडा पडतो.

एक सूचना ठळक अक्षरांत लिहून ठेवावी : चार्जर उघडून त्याच्या आतल्या २३० व्होल्टच्या बाजूला प्रोब किंवा क्लिप कधीही लावू नये. क्लिप अर्थिंगला असल्यामुळे मोठा स्फोट होऊ शकतो, माणूस दगावू शकतो. प्लगमधून काढल्यानंतरही आतल्या कंडेन्सरमध्ये शेकडो व्होल्ट शिल्लक असू शकतात.

जगाने काय पाहिले?

अमेरिकेतील केन शिरिफ यांनी २०१२ साली डझनभर यूएसबी चार्जर अशाच पद्धतीने तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. नामांकित कंपन्यांचे चार्जर आणि त्यांच्या हुबेहूब नकला यांच्या लाटांत जमीन-अस्मानाचा फरक दिसला. बाहेरून मात्र त्या ओळखणे कठीण होते. २०१३ च्या ऑगस्टमध्ये ॲपल कंपनीने नकली चार्जर परत घेऊन सवलतीत अस्सल चार्जर देण्याची योजना सुरू केली. २०१६ साली ब्रिटनच्या पुढाकाराने अनेक देशांतून विकत घेतलेले ४०० नकली ॲपल चार्जर यू.एल. या प्रयोगशाळेने तपासले. विजेच्या धक्क्यापासून वाचवण्याइतके विलगीकरण त्यांतल्या फक्त ३ चार्जरमध्ये आढळले. बाकीच्या ३९७ जणांची भिंत कच्ची होती.

खरेदी करताना

आपल्या देशात मोबाईलच्या चार्जरसाठी भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. चार्जरवर ब्यूरोचे चिन्ह, मानकाचा क्रमांक आणि आर अक्षराने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक छापलेला असावा लागतो. छापणारा काहीही छापू शकतो, म्हणून तो क्रमांक बी.आय.एस. केअर या सरकारी ॲपमध्ये टाकून पाहावा. कंपनीचे नाव आणि वस्तू जुळली पाहिजे. एकात एक असे दोन चौकोन छापलेले असतात, त्याचा अर्थ दुहेरी विलगीकरण असा आहे. वजनाला पिसासारखा हलका, अक्षरांत शुद्धलेखनाच्या चुका असलेला, पिना डुगडुगणारा चार्जर फुकट मिळाला तरी घेऊ नये.

घरी आणल्यावरही काही पथ्ये पाळावीत. चार्जिंगला लावलेला मोबाईल उशीखाली ठेवू नये. अंग ओले असताना, ओल्या फरशीवर उभे राहून त्याला हात लावू नये. मुंग्या येणे अचानक वाढले, चटका बसला, चार्जर हात ठेववणार नाही इतका तापला किंवा जळका वास आला, तर आधी भिंतीवरचे बटण बंद करावे, मग चार्जर काढावा. तो पुन्हा वापरू नये आणि दुसऱ्या कोणाला देऊही नये. त्याची वायर कापून टाकावी, म्हणजे कचऱ्यातून उचलून कोणी तो पुन्हा विकणार नाही.

गरिबाच्या घरात शंभर-दोनशे रुपयांचा हिशेब असतो, हे कोणी आपल्याला सांगायला नको. म्हणूनच ते रुपये कोठे वाचवावेत आणि कोठे वाचवू नयेत, हे कळले पाहिजे. मोबाईलचे कव्हर, काच, दोरी स्वस्तातली चालेल. २३० व्होल्ट आणि आपले लेकरू यांच्यामधली भिंत मात्र स्वस्तातली चालणार नाही. आज रात्री घरातले सारे चार्जर एका जागी मांडा, मुलांकडून त्यांच्यावरचे क्रमांक वाचून घ्या, आणि ज्याचा क्रमांकच नाही तो वेगळा काढा.